चंद्राच्या डोळ्यातला तोफगोळा: मूकपटातले ट्रिक सीन घरी करून बघताना

फ्रेंच जादूगार आणि चित्रपटकार जॉर्ज मेलिएसचा चंद्रसफरीचा मूकपट १९०२ सालचा. लांबी २६० मीटर. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका मीटरमध्ये साधारण ५२ फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, मावतात, म्हणजे सगळा खेळ साडेतेरा हजार फ्रेमचा, आणि सेकंदाला १६ फ्रेम धरल्या तर जेमतेम चौदा मिनिटांचा. तेवढ्यात सहा पंडित तोफगोळ्यात बसून चंद्रावर जातात, छत्रीचा तडाखा बसताच चंद्रवासी धूर होऊन उडतात आणि मंडळी समुद्रात पडून सुखरूप घरी येतात. हे सगळं घडताना कॅमेरा मात्र जागचा हलत नाही. चंद्र जवळ येताना दिसतो, तेव्हाही पुढे सरकतो तो चंद्रच.

नवशिक्याने पहिली गाठ इथेच बांधून घ्यावी. त्या काळच्या ट्रिक सीनमध्ये कॅमेऱ्याचं निम्मं काम म्हणजे गप्प उभं राहणं. बाकीचं निम्मं कात्री, काळा कपडा आणि मोजणी यांचं. आज खिशातल्या मोबाइलवर हे सगळं करता येतं, फक्त मोबाइलची अतिहुशारी आधी बंद करावी लागते.

कॅमेरा गप्प करणं

ट्रायपॉड हवाच. तो डुगडुगत असेल तर मधल्या दांड्याला दोन लिटर पाण्याची बाटली टांगा. फरशीवर पायांच्या तिन्ही टोकांभोवती चिकटपट्टीने खुणा करा. धक्का लागला तर जागा परत सापडते, पण तंतोतंत नाही, म्हणून धक्का न लागेल असंच बघा.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात चार गोष्टी कुलूपबंद करायच्या: फोकस, एक्सपोजर (उजेडाचं माप), व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) आणि झूम. प्रो मोड असेल तर तो घ्या. नसेल तर बहुतेक फोनमध्ये स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्सपोजर लॉक होतात. व्हिडिओ स्थिर करणारी सोय, म्हणजे स्टॅबिलायझेशन, आठवणीने बंद करा. ती चालू राहिली तर पात्र हललं की पाठची भिंतही केसभर सरकते आणि दोन तुकड्यांमधला जोड उघडा पडतो.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात. शटरचा वेळ १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा आणि जमल्यास सेकंदाला २५ फ्रेम घ्या. १/६० ठेवलंत तर स्वस्त एलईडी दिव्याखाली चित्रावर पट्टे सरकताना दिसतील. पंखा बंद ठेवा, कारण पडदा हलतो. खिडकीतल्या उन्हावरही भिस्त नको. मेलिएसने १८९७ साली पॅरिसजवळच्या मॉन्त्रई इथे काचेच्या छताभिंतींचा स्टुडिओ बांधला तो सूर्यप्रकाशासाठीच, पण ढग आला की त्याचंही काम अडायचं. रात्री दिव्याखाली काम करणं सोपं.

वेगाबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकू. मूकपटातली माणसं तुरुतुरु पळतात ती मुळात तशी पळत नव्हती. हाताने हँडल फिरवून सेकंदाला सोळाच्या आसपास फ्रेमवर घेतलेली फिल्म पुढे चोवीसच्या यंत्रावर चालवली, की ती दीडपट पळते. तुमच्या चित्रीकरणाला तो थाट हवाच असेल तर वेग १.२ पटीपर्यंत न्या. त्यापुढे नुसता माकडखेळ होतो.

पहिली करामत: अदलाबदल

१८९६ साली मेलिएसने रंगमंचावरचा एक जुना खेळ कॅमेऱ्यापुढे केला. खुर्चीवर बाई, तिच्यावर चादर, चादर काढली की बाई गायब. रंगमंचावर या खेळाला जमिनीत झडप लागते. इथे कॅमेरा थांबवला, बाईंना उठवलं आणि कॅमेरा परत चालू केला. ही कल्पना पहिल्यांदा त्याचीच, असं मात्र म्हणता येत नाही. एडिसनच्या कंपनीने १८९५ सालीच एका राणीचा शिरच्छेद याच पद्धतीने दाखवला होता. मेलिएसच्या कॅमेऱ्यात फिल्म अडकली आणि रस्त्यावरच्या बसची शववाहिका झाली, ही गोष्ट मात्र हमखास सांगितली जाते. ती त्यानेच सांगितलेली आहे, आणि जादूगाराने आपल्या गुपिताबद्दल सांगितलेली गोष्ट म्हणून ऐकावी.

खरी मेख थांबण्यात नाही, जोडण्यात आहे. हँडल थांबवताना ते हळू होत जातं, त्यामुळे शेवटच्या काही फ्रेमवर जास्त उजेड पडतो. पुन्हा सुरू करतानाही तेच. त्या पांढुरक्या फ्रेम राहिल्या तर पडद्यावर लख्खकन झगमगाट दिसतो. म्हणून मेलिएस त्या कापून टाकायचा आणि उरलेली टोकं फिल्म-सिमेंटने, म्हणजे फिल्म जोडायच्या चिकटद्रव्याने, चिकटवायचा. त्याच्या फिल्म तपासणाऱ्यांना अदलाबदलीच्या जागी असे सांधे सापडले आहेत. म्हणजे ज्याला आपण कॅमेऱ्याची जादू म्हणतो ती बरीचशी संकलकाच्या टेबलावरची आहे. मोबाइलवरही तसंच करा:

१. रेकॉर्डिंग सुरू करा आणि शेवटपर्यंत बंद करू नका. बटणाला हात लागला की फोन हलतो. मधला भाग नंतर कापता येतो.

२. पात्र अ हात वर करून झटक्यात खाली आणतं. हालचाल पूर्ण होऊ द्या. मग बाहेरून "थांब" म्हणा.

३. अ तसाच पुतळा होतो. दुसऱ्या फोनने, ट्रायपॉडच्या अगदी जवळून, त्याचा फोटो काढा. पावलांभोवती खडूने रेघ मारा.

४. जे गायब करायचं ते उचला किंवा अ च्या जागी ब ला उभं करा. फोटोशी ताडून कोपर, खांदा, मान जुळवा.

५. आता हात पुन्हा वर न्यायला सांगा आणि तोच झटका पहिल्यापासून करवून घ्या. नवशिके हीच पायरी गाळतात.

६. संकलनात दोन्ही तुकड्यांत हात सारख्याच कोनात असलेली फ्रेम शोधा आणि तिथे कापा. मधलं सगळं फेकून द्या.

पाचवी पायरी का? पात्र पुतळा झालेलं असताना कापलंत, तर जादूच्या आधी एक अवघडलेला क्षण दिसतो आणि प्रेक्षकाला आधीच वास लागतो. हालचालीच्या मध्यावर कापलंत तर डोळा हालचालीमागे धावत असतो आणि सांधा निसटून जातो. चंद्रवासी धूर होऊन उडतात, तिथला धूरही याच कामाचा आहे. अंगाची ठेवण चार बोटं चुकली तरी धुरात झाकली जाते. घरी धुराऐवजी टाल्कम पावडरचा फवारा उडवा. बाजूने दिवा असेल तर तो ढगासारखा दिसतो. फक्त लेन्स पुसून घ्या आणि बारीक पावडर श्वासात जाणार नाही इतकं अंतर ठेवा.

सांध्यावर सगळं चित्रच फिकट किंवा गडद झालं, तर एक्सपोजर लॉक सुटलंय. एकच कोपरा उडी मारत असेल तर कुणाची तरी सावली बदलली आहे. दिव्याजवळ बसलेला मदतनीस उठून गेला की हे हमखास होतं.

चंद्राच्या डोळ्यात गोळा रुततो ते प्रसिद्ध दृश्यही अदलाबदलच आहे. पुठ्ठ्याची ९० सेंमी व्यासाची तबकडी घ्या, मध्ये चेहऱ्यापुरतं भोक पाडा, वर मुलतानी मातीचा जाड लेप द्या. वाळताना पडणाऱ्या भेगा म्हणजे आयते खड्डे. चेहऱ्यावर पातळ थर पुरे, डोळ्यांभोवती दोन बोटं जागा सोडा. गोळा कार्डशीटचा करा, १२ सेंमी लांब. पाठचं तोंड भुवई आणि गालाच्या हाडावर टेकेल असं अर्धगोल कापा आणि मेकअपच्या गमाने चिकटवा. डोळा मिटलेला ठेवा, पापणीला गम लागू देऊ नका. पहिल्या तुकड्यात चंद्र हसता हसता एकदम तोंड वेडावतो, दुसऱ्यात तेच वेडावणं गोळ्यासकट. सांधा वेडावण्याच्या मध्यावर.

दुसरी: काळ्या कपड्यावर सात जण

फिल्मच्या बाबतीत काळा रंग म्हणजे रिकामी जागा. जिथे उजेड पडला नाही तिथली फिल्म कोरी राहते. ती उलटी गुंडाळून पुन्हा कॅमेऱ्यातून नेली, की कोऱ्या जागी दुसरं काही उमटवता येतं. १९०० सालच्या एका मूकपटात मेलिएस स्वतः सात वादक होऊन एका रांगेत बसतो. फिल्म तेवढ्या वेळा आत गेली. हँडलच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम पुढे जायच्या, त्यामुळे वीस फेरे म्हणजे १६० फ्रेम, दहा सेकंद. लेन्सवर टोपी, वीस फेरे उलटे, मग पुन्हा सुरुवात. सातव्या वेळी शिंक आली तर आधीचे सहाही गेले.

आपल्याला एवढं सोसायचं नाही, कारण प्रत्येक वादक वेगळ्या क्लिपमध्ये राहतो. पण कपड्याची निवड तितकीच नाजूक आहे. काळं पॉपलिन किंवा साटन नको, दिव्याखाली ते राखाडी होतं. मखमल घ्या. एका पन्ह्यात भिंत झाकत नाही म्हणून दोन पट्टे जोडावे लागतात, तेव्हा दोन्ही पट्ट्यांची लव एकाच दिशेला ठेवा. हात फिरवून बघा: ज्या बाजूला लव उभी राहते ती गडद दिसते. एक पट्टा उलटा शिवला गेला तर भिंतीत सरळ दोन काळे रंग दिसतील. पात्र कपड्यापासून दोन मीटर पुढे बसवा आणि दिवे दोन्ही बाजूंनी असे लावा, की उजेड पात्रावर पडेल, कपड्यावर नाही.

क्लिप एकावर एक रचायला डाविंची रिझॉल्व्हसारखं मोफत मिळणारं सॉफ्टवेअर चालेल. प्रत्येक थराला कंपोझिट मोड, म्हणजे तो खालच्या थरात कसा मिसळायचा ते, द्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी 'स्क्रीन' मोड सुचवलेला असतो. दोन थरांना तो ठीक, पण तो उजेड साठवत जातो. तुमची मखमल ३ टक्के इतकीच राखाडी असली तरी सात थरांनंतर काळोख जवळजवळ १९ टक्क्यांवर येतो आणि सगळं धुक्यात गेल्यासारखं दिसतं. त्याऐवजी 'लायटन' घ्या. तो दोन्ही थरांतला जो बिंदू जास्त उजळ तेवढाच ठेवतो, बेरीज करत नाही. आणि रचण्याआधी प्रत्येक क्लिपमधला काळा रंग आणखी खाली ओढा.

पात्रं एकमेकांवर येता कामा नयेत. काळं म्हणजे पारदर्शक, म्हणून एकाच्या काळ्या कोटातून दुसऱ्याचा पांढरा शर्ट दिसेल. काळे केस आणि काळी पॅन्टही त्याच मखमलीत विरघळतात. केसांना पाठून एक छोटा दिवा द्या, कपडे फिकट निवडा. प्रत्येक पात्राची जागा चिकटपट्टीने आखून घ्या. हेच दोष मुद्दाम वापरले की भूत तयार होतं. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या जी. ए. स्मिथने १८९७-९८ च्या सुमारास एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून अशी पारदर्शक भुतं दाखवली.

सात जण एकमेकांकडे बघून माना डोलावतात, ते जुळवायचं कसं? मोजून. मूकपट असल्याची चैन इथे भोगा: फोनवर मिनिटाला ६० ठोक्यांचा मेट्रोनोम लावा आणि खुशाल मोठ्याने आकडे म्हणा. आवाज नंतर काढून टाकायचाच आहे. कागदावर तक्ता करा. चौथ्या ठोक्याला पहिला उजवीकडे बघतो, पाचव्याला दुसरा डावीकडे, आठव्याला सगळे उठतात. सगळ्या क्लिप पहिल्या ठोक्यावर जुळवा. तक्त्याशिवाय केलेला प्रयोग चौथ्या वादकापाशी कोसळतो.

तिसरी: फुगणारं डोकं

१९०१ साली मेलिएसने भात्याने हवा भरून स्वतःचं डोकं फुगवून दाखवलं. टेबलावर ठेवलेलं मुंडकं मोठं मोठं होत जातं आणि शेवटी फुटतं. प्रत्यक्षात तो चाकं लावलेल्या खुर्चीत बसून, दोरीने ओढला जात, कॅमेऱ्याकडे येत होता. अंग काळ्या कपड्यात, दिसतं ते फक्त डोकं. पण खुर्ची सपाट जमिनीवर नव्हती, चढावर होती. तो चढ का, हे कळलं की सगळी करामत कळली.

डोकं टेबलावर टेकलेलं दिसायला हवं, म्हणजे मानेची खालची कड चित्रात एकाच ओळीवर राहायला हवी. पण लेन्सच्या पातळीखालची कोणतीही वस्तू जवळ आली की चित्रात खाली घसरते. समजा लेन्स जमिनीपासून १२० सेंमी उंच आहे. तीन मीटरवर मानेची कड ९० सेंमी उंचीवर आहे, म्हणजे लेन्सखाली ३० सेंमी. दीड मीटरवर आल्यावर तिला त्याच ओळीवर दिसायचं तर ती लेन्सखाली १५ सेंमीवरच हवी. एक मीटरवर १० सेंमी. हिशेब सरळ रेषेत जातो, म्हणून चढही सरळ फळीचाच लागतो: दहा सेंमी पुढे गेलं की एक सेंमी वर. आकडेमोड नको असेल तर लेन्सपासून मानेच्या कडेपर्यंत सुतळी ताणा. फळी त्या सुतळीला समांतर लावा.

माणसाला चाकाच्या खुर्चीत बसवून फळीवर ओढण्याआधी दोनदा विचार करा. पाठून धरणारा एक जण आणि चाकाखाली अडण हवीच. त्यापेक्षा बरा मार्ग आहे: पात्र स्थिर ठेवा आणि कॅमेराच सुतळीच्या रेषेवरून पुढे न्या. पाठी निखळ काळोख असल्यामुळे कोण सरकलं ते चित्रात कळायला जागाच नाही. फळीवर पाट, पाटाखाली चार चाकं, पाटावर फोन. एरवी कॅमेरा हलवू नका म्हटलं, त्याला हा एकच अपवाद.

याचा आणखी एक फायदा आहे. मेलिएसच्या काचघरात सूर्याचा उजेड सगळीकडे सारखा, त्यामुळे पुढे येताना त्याचा चेहरा उजळत नव्हता. घरात दिवा कॅमेऱ्याशेजारी असेल, तर पात्र तीन मीटरवरून दीड मीटरवर येताना चेहऱ्यावरचा उजेड चौपट होतो आणि डोकं फुगण्याऐवजी पेटल्यासारखं दिसतं. पात्र आणि दिवा दोन्ही जागेवर राहिले तर हा प्रश्नच उरत नाही.

टेबल आणि आजूबाजूची खोली वेगळ्या क्लिपमध्ये घ्या. तिथे मुंडक्याच्या जागी मखमलीचा चौकोन लावा, वर 'लायटन'. डोकं सगळ्यात मोठं होईल तेवढा चौकोन आधी मोजून ठेवा, नाहीतर कान पाठच्या भिंतीवरून आरपार दिसतील.

फ्रेममागून फ्रेम

यावर थोडक्यात, कारण इथे युक्ती कमी आणि चिकाटी जास्त. स्पेनच्या तेरुएल गावचा सेगुंदो दे चोमोन याने १९०८ मध्ये विजेवर चालणारं हॉटेल दाखवलं. तिथे बॅगा आपोआप उघडतात, ब्रश आपोआप बूट घासतात. कॅमेऱ्याच्या एका फेऱ्यात एकच फ्रेम जाईल अशी सोय असायची: एक फेरा, वस्तू जराशी हलवा, पुन्हा एक फेरा. तुम्ही सेकंदाला आठ फोटो धरा, म्हणजे सोळा फ्रेमच्या हिशेबात प्रत्येक फोटो दोन फ्रेम टिकवा. दहा सेकंदांना ऐंशी फोटो. ब्रश प्रत्येक वेळी एक सेंमी, पण सुरुवातीला आणि शेवटी अर्धाच, नाहीतर तो धक्का मारल्यासारखा निघतो. फोटो इअरफोनच्या आवाजाच्या बटणाने काढा, म्हणजे फोनला हात लागत नाही.

याच पद्धतीने दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्यावर कुंडीतल्या वाटाण्याची वाढ चित्रित केली आणि ती दाखवून पहिल्या चित्रपटासाठी भांडवल मिळवलं. फाळकेही मेलिएससारखेच हातचलाखीवाले. जादूचे प्रयोग ते प्रोफेसर केळफा या नावाने करत. नाव उलटं वाचून बघा. वाटाण्याचा प्रयोग आजही सुरुवातीला उत्तम: मूग घेतले तर तीन दिवसांत मोड येऊन वर येतात, दर वीस मिनिटांनी एक फोटो म्हणजे २१६ फोटो. फक्त खिडकी बंद आणि दिवा तीनही दिवस चालू ठेवा.

आरशातलं शहर

१९२७ सालच्या 'मेट्रोपोलिस'पर्यंत जर्मन स्टुडिओ बरेच पुढे गेले होते. त्यातल्या क्रीडांगणाच्या अवाढव्य भिंती ओइगेन शुफ्तानच्या आरशाने उभ्या केल्या. कॅमेऱ्यापुढे ४५ अंशात आरसा. बाजूला ठेवलेला छोटा देखावा त्यात दिसतो. माणसं जिथे दिसायला हवीत तेवढ्या जागेवरचा पारा खरवडलेला, तिथून पलीकडे लांब उभी असलेली खरी माणसं दिसतात. दोन्ही एकाच फ्रेमवर, एकाच वेळी, पुन्हा फिल्म उलटी न फिरवता.

घरी पारा खरवडत बसू नका. घरचा आरसा पाठच्या बाजूने पारा लावलेला असतो, खरवडताना काचेवर ओरखडे येतात. काचवाल्याकडून ३० × ३० सेंमीचा आरसा घ्या आणि एक कड घासून घ्या. तो ४५ अंशात असा उभा करा, की चित्राचा वरचा अर्धा भाग आरशाने व्यापला जाईल आणि खालचा मोकळा राहील. बाजूला पुठ्ठ्याचे मनोरे, समोर चार-पाच मीटरवर माणसं. आरशाची कड फोनच्या जितकी जवळ तितकी ती धूसर होते आणि जोड लपतो. दहा-पंधरा सेंमी अंतर ठेवा. फोनची छोटी लेन्स जवळचं लांबचं एकदम स्पष्ट दाखवते. देखावा आणि माणसं दोन्ही फोकसमध्ये राहतात, तो फायदाच. पण आरशाची कडही बरीच स्पष्ट राहते, हा तोटा. म्हणून कड मनोऱ्याच्या एखाद्या सज्ज्याच्या रेषेवर येईल अशी योजना करा.

नेहमीच्या आरशात काचेच्या वरच्या पृष्ठभागाचं फिकट दुसरं प्रतिबिंबही दिसतं. मनोऱ्यात लुकलुकणारे दिवे लावलेत तर प्रत्येक दिव्याशेजारी त्याचं भूत दिसेल. देखावा मंद आणि सारख्या उजेडात ठेवला तर ते जाणवत नाही. आणि मनोऱ्यावर पाटी लिहायची असेल तर ती उलटी लिहा, आरसा ती सरळ करेल.